पत्र नको, नळीच घरी पाठवा

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

विषय : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचा संच मागणीची वाट न पाहता थेट घरी पाठवण्याबाबत

सादर नमस्कार.

हे पत्र इंग्रजीत आपल्या कार्यालयाकडे पाठवलं आहे. मराठीत ते सगळ्यांसमोर ठेवते, कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नर्सिंगला नाहीतर कॉम्प्युटरच्या नोकरीवर इथं आलेली आमची पिढी आता साठीला टेकली आहे. मी ज्या सरकारी पत्राबद्दल लिहिते आहे, ते त्यांच्याही दारात पडायला लागलं आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात मला बॉवेलस्क्रीनचं, म्हणजे इथल्या सरकारच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सर तपासणी कार्यक्रमाचं, पत्र आलं. मजकूर साधा होता. तुम्ही तपासणीसाठी पात्र आहात, भाग घ्यायचा असेल तर आम्हाला कळवा, मग आम्ही संच पाठवू. मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, विजेच्या बिलाशेजारी. बिल भरलं गेलं, पत्र तिथंच राहिलं. तीन आठवडे रोज दूध काढताना ते दिसायचं आणि मी दार लावून घ्यायचे.

आणि हा आजार मला काही परका नव्हता. माझे यजमान याच कॅन्सरनं २०२१ मध्ये गेले.

२०१९ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. पोटात दुखत नव्हतं, शौचातून रक्त दिसत नव्हतं, वजनही तेवढंच. आम्ही शाकाहारी, तेव्हा अंगात रक्त कमी असेल असं आमचं आम्हीच ठरवलं. मी बीट सुरू केलं, रात्री खजूर भिजत घालायला लागले, अळिवाचे लाडू केले. अडीच-तीन महिने त्यात गेले. जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलो तेव्हा हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. त्यांनी लगेच पुढे पाठवलं, उपचारात कुणी हयगय केली नाही, हेही मी इथं लिहून ठेवते. पण गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला होती आणि आजार यकृतापर्यंत पोचला होता. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या बाजूच्या गाठीतून रक्त थोडं थोडं झिरपतं, मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसतच नाही.

त्या न दिसणाऱ्या रक्तासाठीच तर ही चाचणी आहे. यजमानांचं वय मात्र तेव्हा तपासणीच्या वयात बसत नव्हतं. २०१२ मध्ये कार्यक्रम सुरू झाला तो ६० ते ६९ वयासाठी. त्यांची साठी आलीच नाही.

इतकं पाहिलेली मी, आणि माझ्या हातून एक फोन होत नव्हता. शेवटी मुलीनं डब्लिनहून विचारलं, "आई, तू त्यांना कळवलंस का?" मी गप्प बसले. तेव्हा तिनं मला लाइनवर धरूनच माझ्याकडून दुसऱ्या फोनवर तो फोन करवून घेतला. दोन मिनिटं लागली असतील.

संच आला तो एका साध्या पाकिटातून. बोटाएवढी नळी, तिच्या झाकणालाच जोडलेली एक बारीक काडी. काडीचं टोक मळावर थोडं फिरवायचं, काडी नळीत घालून झाकण घट्ट लावायचं, तारीख लिहायची आणि परतीच्या पाकिटातून पोस्टात टाकायचं. तिकीटही लावायचं नसतं. सगळं उरकून हात धुऊन मी चहा टाकला तेव्हा आधणाला उकळीही फुटायची होती. निकाल चांगला आला.

मंत्रिमहोदय, मी त्या तीन आठवड्यांवर फार विचार केला आहे. मला निकालाची भीती वाटत होती असं नाही. अडत होतं ते मागण्यावर. आमच्या घरात जेवणाच्या ताटावर संडासाचा शब्दही काढायची पद्धत नाही. मी साठ वर्षांची बाई, अनोळखी माणसाला फोन करून मला माझ्या शौचाचा नमुना पाठवायचा आहे असं सांगायला माझी जीभ रेटेना. हे आम्हा मराठी लोकांपुरतंच आहे असंही नाही. आमचे शेजारी इथलेच, जन्मभर शेती केलेले. त्यांनी त्यांचं पत्र हिरव्या डब्यात टाकलं. "मला काय झालंय?" म्हणाले. कार्यक्रमाच्या पहिल्या फेरीत बोलावलेल्यांपैकी निम्म्यांनीही भाग घेतला नाही, आणि पुरुषांनी बायकांपेक्षा कमी. हा कॅन्सर पुरुषांना जास्त होतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

मी काउंटी लाउथमध्ये राहते. इथून सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला गेलं की साठी झालेल्या माणसाच्या घरी तपासणीचा संचच येतो, दर दोन वर्षांनी, ७४ वर्षांपर्यंत. त्याला कुणाला फोन करावा लागत नाही. स्कॉटलंडमध्ये तो पन्नाशीलाच येतो. नेदरलँड्सनं २०१४ मध्ये सुरुवात केली तेव्हापासून संच थेट टपालानं जातो, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथं दहातल्या सात जणांनी तो भरून परत पाठवला. टेबलावर समोर पडलेली नळी माणूस कधीतरी उचलतो. ती मागवायला मात्र त्याला आधी स्वतःशी झगडावं लागतं.

आपला देश लहान आहे, पैसा आणि माणसं मोजकी आहेत, हे उत्तर मला माहीत आहे. म्हणून स्लोव्हेनियाकडे बघा. लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, आपल्या निम्म्याहूनही कमी. तिथं 'स्वित' नावाचा कार्यक्रम २००९ पासून देशभर चालतो, सुरुवात पन्नाशीपासून, आणि साठ टक्क्यांहून जास्त लोक भाग घेतात. तिथंही आधी होकार घेतात, हे मी लपवत नाही. पण उत्तर आलं नाही तर ते पुन्हा लिहितात, आणि गावातल्या दवाखान्यापर्यंतची माणसं या कामात ओढून घेतली आहेत. लहान देशात हे जास्त सोपं असायला हवं. इथं आमच्या जीपीला आमच्या मुलांची नावं पाठ असतात.

आता वयाचं. कार्यक्रम ठरला तेव्हाच ५५ ते ७४ हे उद्दिष्ट सांगितलं होतं. २०२३ मध्ये सुरुवातीचं वय ६० वरून ५९ वर आलं आणि पुढेही पायरीपायरीनं सरकतं आहे. दरम्यान २०२२ च्या डिसेंबरात युरोपीय संघाच्या परिषदेनं ५० ते ७४ वयोगटासाठी हीच चाचणी करा अशी शिफारस केली, आणि त्या परिषदेत आपणही बसतो. पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या लहानशा वाढीचा, कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-एक वर्षं लागतात. म्हणजे साठीत सापडणाऱ्या पुष्कळ गाठींचं मूळ पन्नाशीत आतड्यात असतं, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, करतानाच ते काढून टाकता येतं. या देशात दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास लोकांना हा कॅन्सर होतो आणि हजारभर माणसं त्यात जातात. एकेक वर्षानं वय सरकवत बसायला एवढा वेळ आपल्याकडे आहे का?

खरी अडचण कोलोनोस्कोपीची आहे, हे मलाही कळतं. नमुन्यात रक्त सापडलं की ती करावी लागते, तेव्हा संच जास्त गेले की कोलोनोस्कोपीही जास्त लागणार. पण शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचा निकाल साधा येतो, म्हणजे हा आकडा आधीच मोजून तयारी करता येण्यासारखा आहे. या देशात खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स कोलोनोस्कोपी करतातच. केरळच्या आणि महाराष्ट्राच्या कितीतरी मुली इथल्या वॉर्डांत वर्षानुवर्षं राबताहेत. त्यांच्यातल्या ज्यांना हे शिकायचं आहे त्यांना जागा द्या, पगारी रजा द्या.

एक गोष्ट संचासोबतच्या कागदावर ठळक छापा. ही चाचणी सगळं पकडत नाही. निकाल साधा आला तरी शौचातून रक्त दिसलं, सवय बदलली, विनाकारण थकवा आला, तर पुढच्या संचाची वाट न पाहता जीपीकडे जा. आमच्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध म्हणतात आणि सुरणाची भाजी करतात. "हा गोऱ्यांचा आजार, भारतात कुठं असतो" असंही ऐकते. भारतात तो इथल्यापेक्षा कमी आहे हे खरं, पण माणूस इथं आला, इथलं खाणंपिणं आणि बसून काम करणं अंगवळणी पडलं, की तो फरक कमी होत जातो. इथल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीत दोनशेहून जास्त बायकांच्या जुन्या नमुन्यांचे निकाल फेरतपासणीत वेगळे निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकींना ते वेळेवर सांगितलं गेलं नव्हतं, हे २०१८ मध्ये उघड झालं. त्यानंतर तपासणी या शब्दावरचा लोकांचा विश्वास हलला आहे. चाचणीच्या मर्यादा आधीच मोकळेपणानं सांगितल्या तर लोक नळी फेकून देणार नाहीत, मला याची खात्री आहे.

माझे धाकटे दीर कॉर्कला असतात. वय त्रेपन्न. भावाचं झाल्यावर जीपीनं त्यांना कोलोनोस्कोपीला पाठवलं. दोन पॉलिप निघाले, तिथल्या तिथं काढले, संध्याकाळी ते घरी येऊन वरणभात जेवले. त्यांना तपासायला सांगायला भावाचा आजार होता. त्यांच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस त्यांच्याच वयाचा आहे. त्याच्या घरात असं काही घडलेलं नाही आणि त्याचं पत्र यायला अजून वर्षं आहेत.

येत्या अंदाजपत्रकात दोन गोष्टींसाठी तरतूद करा : पहिल्या बोलावण्याबरोबरच संच घरी पाठवणं, आणि पन्नाशीपर्यंत वय खाली आणण्याचं तारखांसह वेळापत्रक. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
काउंटी लाउथमधली एक मराठी रहिवासी