रंग उडालेली गिटार

कॉर्क, आयर्लंड, रविवार रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. न.

सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलणार होते, पण आईचा चेहरा बघितला आणि धीर झाला नाही. मागच्या सोमवारी मी राजीनामा दिला. पुढच्या महिन्यापासून इथेच, गिटार दुरुस्त करणाऱ्या एका मास्तरांच्या हाताखाली काम शिकणार आहे.

आधी काळजीचं बोलते. माझ्याकडे स्टॅम्प ४, म्हणजे इथे राहण्याचा परवाना आहे, त्यामुळे नोकरी सोडली तरी इथे राहता येतं. तुमचे पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला येत राहतील. वर्षभराचे वेगळे काढून ठेवलेत, बाबांच्या मोतीबिंदूचा खर्च त्यातच धरलाय. स्वयंपाकाच्या मावशींना काढायचं नाही. गीझरही लावायचा, गार पाण्याने आंघोळ करून बचत नको.

मी घाईत ठरवलेलं नाही. कामावर जाताना रोज रोरी गॅलहरच्या नावाचा चौक लागतो. गिटारवर ब्लूज रॉक वाजवायचा, याच गावात वाढला. १९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्याने इथल्या क्रॉलीच्या दुकानातून जुनी स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार घेतली, जवळजवळ १०० पौंडांना, तीही हप्त्यांवर. आईला म्हणाला, हिच्यावर साथही मीच करीन आणि मुख्य वादनही, दुसऱ्या वादकाचे पैसे वाचतील. आई, पेटी आणली तेव्हा बाबांनी तुला काय सांगितलं होतं, आठवतंय ना?

घामाने त्या गिटारचा रंग उडून आतलं लाकूड उघडं पडलं, तरी त्याने ती सोडली नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या कौलात तो एरिक क्लॅप्टनसारख्या नावाजलेल्या गिटारवादकाच्याही वर होता. तरी सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची वेगळी रेकॉर्ड काढायला तयार नव्हता. समीक्षक म्हणत, याची खरी ताकद मंचावर, स्टुडिओतल्या रेकॉर्डमध्ये ती तेवढी उतरत नाही. ‘आयरिश टूर ७४’ ही त्याच्या मैफलींची रेकॉर्ड ऐकली की मलाही ते पटतं. बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते, बाहेरचे कलाकार तिकडे फिरकत नव्हते, तेव्हा हा जाऊन वाजवून आला. क्लॅप्टनएवढं नाव झालं नाही म्हणून तो मागे राहिला, असं मला मुळीच वाटत नाही. २०२४ च्या लिलावात त्याच गिटारवर ७ लाख पौंडांची बोली लागली. आता ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

बाबा, तुम्ही शोधून वाचालच, म्हणून मीच सांगते. १९९५ मध्ये, यकृताच्या प्रत्यारोपणानंतर तो गेला. ४७ वर्षांचा होता. दारू होती, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या डॉक्टरी गोळ्याही. मी दारूला शिवत नाही, आईची शपथ. पण तुम्ही झोपेची गोळी मनाने अर्ध्याची एक केलीत, हे मला कळलंय. ते बंद. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं, आईला सोबत घेऊन.

गेल्या शनिवारी मास्तरांनी मला एका गिटारचे पडदे घासायला दिले. बारीक कानशीने कडा गोल करायच्या, मग डोळे मिटून बोट फिरवायचं, कुठे खरखर लागता कामा नये. डोळे मिटले तर थेट मिरजेतच पोचले. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून सतारमेकर गल्लीत न्यायचात. ते आजोबा तंबोऱ्याची जवारी लावायचे, तारेखाली दोरा सरकवायचे आणि तार एकदम बोलायला लागायची. मी "परत, परत" करायचे आणि तुम्ही थांबायचात, ऑफिसला उशीर झाला तरी.

इंजिनिअरिंगला घातलेले तुमचे पैसे वाया गेले असं मनात आणू नका. त्यामुळेच आज वर्षभर पगाराशिवाय शिकू शकते. दिवाळीला येणार आहेच, तिकीट काढलंय. चकल्या विकतच्या आणा. आई, तुझे गुडघे दुखतात, सोऱ्या माळ्यावरच राहू दे.

राग आला असेल तर दोन दिवस बोलू नका, मी फोन करत राहीन. फक्त गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो रोज रात्री पाठवा.

तुमची,
चिऊ