नाचणीचे फायदे छापलेत, आता उकडही छापा

महोदय,

गेल्या दिवाळीत अंगणात पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी हाडं विरळ झाल्याचं सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "बाई, रोजच्या जेवणात नाचणी येऊ द्या." मी मान हलवली, पण मनातून नकोच वाटत होतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई-दादा खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची तांबूस, तुटकी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलेली अजून आठवते. पुढे शिक्षिकेची नोकरी लागली, घरात रोज गव्हाची चपाती होऊ लागली, तेव्हा आता आपलं बरं चाललंय असं वाटलं. काळपट भाकरी समोर आली की ते दिवस डोळ्यांपुढे उभे राहतात. माझ्या वयाच्या कितीतरी जणांची नाचणीबद्दलची नावड अशीच आतून आलेली असणार.

तरी करून पाहिली. गार पाण्यात पीठ भिजवलं, तर थापताना चिरा पडल्या आणि घास घशाखाली उतरेना. मग कणकेत दोन मुठी पीठ मिसळलं. नातू म्हणाला, "आजी, चपाती करपली का गं?"

शेजारच्या वहिनी पाटणकडच्या डोंगरातल्या, नाचणी खातच वाढलेल्या. त्यांनी माझ्या ओट्यापाशी उभं राहून उकड काढली. वाटीभर पाण्याला मीठ घालून खळखळून उकळी आणली, त्यात तेवढंच पीठ घालून उलथन्याच्या टोकानं ढवळलं, गॅस बंद केला आणि पाच मिनिटं झाकण ठेवलं. मग गरम असतानाच, हाताला पाणी लावत मळलं. ते मातकट पीठ बघता बघता लोण्यासारखं मऊ झालं. तव्यावर भाकरी टम्म फुगली, पापुद्रा सुटला, खमंग वास आला. दही आणि लसणाची चटणी घेऊन आम्ही दोघी जेवायला बसलो. "काकू, आज चतकोरच खा, उद्या परत करू," त्या म्हणाल्या. मला दोन महिने लागले. आता सकाळी अख्खी भाकरी खाते, आणि ताकातली आंबील तर मागून पिते.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे मी कितीदा वाचलं! पण त्या आकड्यानं माझ्या स्वयंपाकघरात काही बदललं नाही. बाजरीचंही तसंच. तिचं पीठ ठेवून ठेवून कडू होतं, म्हणून ते आठवड्यापुरतंच दळून आणायचं असतं. हे ठाऊक नसलेला माणूस जुन्या पिठाची एक भाकरी खातो आणि बाजरीच कडू म्हणून कायमची सोडतो.

म्हणून कळकळीची विनंती. आपल्या आरोग्य पुरवणीत फायद्यांच्या शेजारी थोडी जागा रोज हे खाणाऱ्या बायकांना द्या. पीठ किती दिवसांचं घ्यावं, पाणी किती, सोबत काय वाढावं, हे त्यांच्या शब्दांत छापा. माणच्या बाजरीच्या भाकरीचं मी लिहून पाठवते.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा