आई, तुझं ऑपरेशन चौथ्या सत्रात होतं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढे कमी मार्क असताना तुला घेतलं कसं? कुठे पैसे तर भरले नाहीस ना?" मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न रास्त होता, म्हणून हे पत्र.

पैसे भरलेले नाहीत. एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, सहा अर्ज केले. चार नकार आले, एका ठिकाणाहून अजून काहीच कळलेलं नाही आणि एकाने सशर्त घेतलं. पहिल्या सत्रात सरासरी 'बी'च्या खाली गेली तर प्रवेश रद्द. तेव्हा एवढ्यात सगळ्यांना सांगत सुटू नका.

एमपीएचला फक्त डॉक्टर येतात असं नाही, कुठल्याही शाखेची माणसं येतात. म्हणून निवड करणारे एकूण टक्क्यांच्या जोडीला हेही बघतात, की हिला आकडेमोड झेपेल का. कारण सुरुवातीलाच जैवसांख्यिकी आणि साथरोगशास्त्र समोर उभे राहतात. माझ्या गुणपत्रिकेत नेमकं तिथेच भगदाड. पुन्हा परीक्षा देऊन जुने मार्क पुसले जातील, असं मला कित्येक दिवस वाटत होतं. पण अमेरिकेतल्या अर्जांसाठी सोफास नावाची जी सामायिक व्यवस्था आहे, तिथे एक विषय दोनदा दिला तर दोन्ही वेळचे गुण धरतात. मग पुसायचा नाद सोडला. नोकरी सांभाळून संख्याशास्त्राचा एक विषय बाहेरून केला आणि त्यात 'ए' मिळवला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण नापास झाले असते तर तेही सांगावं लागलं असतं.

खरा उपयोग झाला तो लसीकरणाच्या सर्व्हेचा. दोन वर्षं दारोदार फिरतेय म्हणून बाबा तुम्ही चिडायचात, तोच. अर्जासोबत आपल्याबद्दलचं निवेदन लिहावं लागतं. त्याची सुरुवात मी १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यापासून केली होती: साथ ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून पसरतेय हे शोधणारे डॉक्टर जॉन स्नो वगैरे. आमच्या सर्व्हेच्या मुख्य बाईंनी तो परिच्छेद सरळ खोडला. "हे सगळेच लिहितात. तू काय पाहिलंस ते लिही." मग मी कुलूपबंद घरांबद्दल लिहिलं. दार बंद दिसलं की आम्ही 'घर बंद' अशी खूण करून पुढे जायचो. पण दिवसभर घर बंद असतं ते दोघंही कामावर जातात म्हणून, आणि मुलाची लस चुकण्याची शक्यताही तिथेच जास्त. ती घरं गाळली की लसीकरणाचा आकडा उगाच छान दिसतो. मी संध्याकाळी परत जायला लागले, तेव्हा आमचा आकडा खाली आला. वरचे खूश नव्हते, बाई होत्या. त्यांनीच शिफारसपत्र दिलं.

आता कमी मार्कांचं. त्यावर मी पाऊण पान लिहिलं होतं. आईचं आजारपण, हॉस्पिटलच्या फेऱ्या, अभ्यासाला न मिळालेला वेळ. बाईंनी वाचून एवढंच विचारलं, "तारखा जुळतात का?"

जुळत नव्हत्या. आई, तुझं ऑपरेशन चौथ्या सत्रात झालं. माझे मार्क दुसऱ्यापासूनच घसरले होते आणि तिसऱ्यात दोन विषय गेले होते. विषय आवडत नव्हते, वर्गात जात नव्हते, आणि हे घरी सांगायची हिंमत नव्हती. मग तुझं आजारपण आलं आणि सगळ्यांनी आपणहून तेच कारण धरलं. मीही धरू दिलं. "माझ्यापायी पोरीचं वर्ष गेलं" असं तू मावशीला म्हणालीस, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होते. ऐकलं आणि गप्प बसले. त्याला सहा वर्षं झाली.

निवेदनात शेवटी दोनच वाक्यं ठेवली: पहिली दोन वर्षं मी नीट अभ्यास केला नाही, शेवटच्या वर्षाचे आणि संख्याशास्त्राचे गुण सोबत जोडले आहेत. त्यांना तेवढं पुरलं. तुला पुरणार नाही, हे मला माहीत आहे. रागव, पण फोन कर.

बाबा, एक काम आहे. प्रवेशासाठी सगळ्या मूळ गुणपत्रिका लागणार आहेत. तिसऱ्या सत्राची तुम्ही कधी पाहिली नसेल. माझ्या कपाटातल्या खालच्या खणात, जुन्या निळ्या स्वेटरच्या घडीत आहे. तेवढी पाठवून द्या.

तुमची,
धाकटी