सहरी-इफ्तारच्या चौकटीखाली एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रमजानमध्ये आपण रोज सहरी-इफ्तारच्या वेळा छापता. त्या चौकटीखाली एका ओळीची जागा मागण्यासाठी हे पत्र.

माझ्या अब्बांना जुना मधुमेह आहे. एका रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं तुटक झालं. साखर तपासायचं यंत्र घरातच होतं, पण बोट टोचलं तर रोजा तुटेल म्हणून ते हात लावू देईनात. शेवटी अम्मीनं ऐकलं नाही. आकडा आला 52. तिनं लगेच साखरेचं पाणी पाजलं. ते बरे झाले, पण रोजा तुटला म्हणून रात्रभर रडले.

बोट टोचून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. हे आम्हाला त्यानंतर कळलं. आजाऱ्याला सवलत तर कुराणातच आहे (सूरह बकरा, आयत 184-185): रोजे नंतर भरून काढावेत, ते शक्यच नसेल तर फिदया द्यावा, म्हणजे बदल्यात गरिबाला जेवू घालावं.

भीती खोटी नाही. 2001 साली 13 देशांत झालेल्या पाहणीत, साखर घसरून टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांची अवस्था गंभीर होण्याचं प्रमाण रमजानमध्ये एरवीच्या साडेसात पट आढळलं होतं.

आमची खरी चूक गोळ्यांची होती. सकाळची गोळी अब्बा तशीच सहरीला घेत. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिलं, तर साखर घसरणारच. डोस किती कमी करायचा, कोणता इफ्तारला न्यायचा, हे डॉक्टरच ठरवतील. त्यासाठी सहा ते आठ आठवडे आधी जायला हवं. आम्ही चाँद दिसल्यावर गेलो होतो. डॉक्टरांनी रोजे नकोतच सांगितलं, तर तेही ऐकायला हवं. टाइप 1 मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर धोका फार मोठा असतो.

जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी हे सांगितलं, तर अब्बांसारखे कितीतरी बुजुर्ग ऐकतील.

आपल्याकडून हवी असलेली ओळ अशी: ‘मधुमेहींनो, रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मगरिबला पाच मिनिटं उरली असली तरी रोजा सोडा.’

आपली,
एक वाचक