पाकीटमाराच्या भूमिकेतला कुर्ट बोइस

माननीय संपादक,

'कासाब्लांका' हा दुसऱ्या महायुद्धातल्या निर्वासितांवरचा हॉलीवूड चित्रपट म्हटला की सगळे नायक-नायिकेबद्दल बोलतात. मला मात्र त्यातला पाकीटमार आठवतो. एका इंग्रज जोडप्याला तो कळकळीने बजावतो, "जपून राहा, इथे सगळीकडे गिधाडं आहेत!" आणि बोलता बोलता त्याच गृहस्थाचं पाकीट लांबवतो. मिनिटभराचं काम, पण हात आणि डोळे किती सफाईने चालतात!

हा कुर्ट बोइस. जन्म बर्लिनचा, १९०१ चा. शाळकरी वयातच रंगभूमीवर आणि मूकपटांत आला, विनोदी नट म्हणून नावारूपाला आला. ज्यू असल्यामुळे हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडावा लागला. हॉलीवूडमध्ये वाट्याला आले वेटर, नोकर, किरकोळ परदेशी. निर्वासितांच्या गर्दीतला तो पाकीटमार साकारणारा नट स्वतः निर्वासित होता, हे कळल्यावर तो प्रसंग मला पूर्वीसारखा बघवत नाही.

१९५० मध्ये तो बर्लिनला परतला. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरील चित्रपटात जमीनदार पुंटिला झाला. १९८७ च्या 'विंग्ज ऑफ डिझायर' या चित्रपटात म्हाताऱ्या कथाकाराच्या भूमिकेत तो बर्लिनच्या भिंतीलगतच्या ओसाड जागेत पोट्सडाम चौक शोधत फिरतो. चौक कुठे उरलाय? थकून तिथेच टाकून दिलेल्या खुर्चीवर बसतो. हे शहर त्याच्या लहानपणीचं होतं, इथे अभिनय कुठला वेगळा काढायचा?

१९९१ मध्ये बर्लिनमध्येच तो गेला. आपल्या चित्रपट पुरवणीत अशा चरित्र अभिनेत्यांसाठी महिन्यातून एक कोपरा राखून ठेवावा, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, पुणे