पांढऱ्या गाउनवरची लेस कुठे गेली?

संपादक महोदय,

आपल्या लग्नसराई पुरवणीतले वधूच्या गाउनचे फोटो पाहिले. गाउन पांढरेशुभ्र, पण लेस, मणीकाम, चुण्या गायब. अशा वेळी सगळं खापर छपाईवर फुटतं. निम्मा घोळ मात्र कॅमेऱ्यापाशीच झालेला असतो.

मेणवली किंवा संगम माहुलीच्या घाटावर मागे काळा दगड असतो. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्या दगडाला भुलतो, एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) वाढवतो आणि कापड जळतं, म्हणजे फोटोत तपशील नसलेलं कोरं पांढरं होतं. उलट फ्रेम गाउननेच भरली, तर तोच मीटर पांढऱ्याला राखाडी करतो. म्हणून उन्हातल्या सर्वांत उजळ कापडावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्या छोट्या जागेचा उजेड मोजणं) करून एक्स्पोजर तिथून दीड स्टॉप वाढवावं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढावा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ छटांचा आलेख) उजव्या, म्हणजे उजळ कडेला टेकू देऊ नये. एकदा जळालेली लेस कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

लेस दिसते ती तिच्या बारीक सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की सावली संपली, लेसही संपली. प्रकाश बाजूने, कापडाला जवळजवळ घासून जाईल असा हवा. दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टरऐवजी (उजेड परतवणाऱ्या पडद्याऐवजी) काळं कापड धरावं. सॅटिनला मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) मानवतो, पण त्यात मणी मंद पडतात. त्यांच्यासाठी लांबून एक छोटा उघडा फ्लॅश पुरतो. हिरवळीवर उभं केलं तर घेराच्या खालच्या भागावर हिरवी झाक चढते. (कासच्या पठारावर फुलांतून गाउनचा मागे लोळणारा शेव फरफटवणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

गाउनच्या नेटच्या (जाळीदार) कापडाला इस्त्री नको, वाफ द्यावी, तीही आतून. ढिला गाउन पाठीमागून क्लिपांनी आवळावा. शेव मदतनिसाने दोन्ही हातांनी उचलून सोडावा, म्हणजे आत हवा भरते. ती हवा बसायच्या आत बटण दाबावं.

आता आपल्या बाजूचं. वृत्तपत्राचा कागद मुळातच राखाडी आणि शाई शोषणारा. मधल्या छटा छापताना बऱ्याच गडद होतात. त्या आधीच उजळ कराव्यात, कापडाच्या पांढऱ्यात ३ ते ५ टक्के ठिपका (शाईच्या ठिपक्यांनी व्यापलेला भाग) ठेवावा आणि चारही शायांच्या अशा टक्क्यांची बेरीज २४०च्या आत राहावी. मोबाइलवर छान दिसणारा फोटो तसाच पानावर चढवला, तर पुन्हा हेच होणार.

पुढच्या पुरवणीत सहा छोट्या फोटोंऐवजी दोन मोठे, किमान चार कॉलमी छापावेत, ही विनंती.

– एक छायाचित्रकार वाचक, सातारा