पंचवीस नको, चार कर

इंदूर,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा आम्ही राजवाड्याजवळ विसर्जन मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे चालते देखावे, बघत उभे होतो. ढोल-ताशांत निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही. एवढं कळलं की यंदा दिवाळीला तुला कुणालाही विकतचं काही द्यायचं नाही. पंचवीस जणांना हातानं केलेल्या मेणबत्त्या द्यायच्या आहेत, आणि "आई, तू सांग कसं करायचं." घरी यायला पहाट झाली. बाबा आडवे झाल्या झाल्या झोपले. मला झोप येईना, म्हणून लिहायला बसले. हे सगळं फोनवर बोलून होणार नाही.

तुझ्या मनात हे आलं याचा मला फार आनंद झाला, ते आधी सांगते. काल झांकी बघताना हाच विषय डोक्यात होता. इथली हुकुमचंद कापडमिल १९९१ मध्ये बंद पडली, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तरी तिथले कामगार वर्गणी गोळा करून अजून झांकी काढतात. काल एका झांकीतल्या हत्तीची सोंड मधेच हलायची थांबली. बाजूनं चालणारे एक म्हातारे गृहस्थ कठड्यावर चढले, सोंडेच्या आत हात घालून तार ओढली आणि सोंड पुन्हा डोलायला लागली. खाली उतरल्यावर त्यांनी आधी गर्दीतल्या पोरांच्या तोंडाकडे पाहिलं. पोरं हसली तसे ते पुढे चालायला लागले. मला तिथेच भरून आलं.

आता तुझ्या पंचवीस मेणबत्त्यांचं. बाळा, पंचवीस करू नकोस. ऑफिस संपवून तू रात्री आठला घरी येणार, मग मेण वितळवणार, वाती ओवणार. दहाव्या मेणबत्तीला तुला त्या माणसाचं नावही आठवणार नाही, कधी एकदा संपतं असं होईल. शिवाय "स्वस्तात होईल" म्हणालीस, ते मनातून काढून टाक. साचे, मेण, सुगंधी तेल, डबे यांचा हिशेब केलास तर मिठाईच्या पुड्याहून जास्तच खर्च येईल. आणि मेणबत्त्या तुला आवडतात. ज्यांना द्यायच्यात त्यांना आवडतात का, हे तुझ्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

हे मी एवढं ठासून का सांगते आहे, ते ऐक. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. आत्याला भाऊबीजेला काहीतरी खास द्यायचं म्हणून मी क्रोशाचं टेबलक्लॉथ विणलं. पांढरं, मधोमध मोठं कमळ, कडेनं द्राक्षांचे घोस. तीन महिने लागले. मान दुखायची, तरी दुपारी सगळे झोपले की मी सुई घेऊन बसायची. आत्यानं हातात घेतलं, "किती सुंदर गं वहिनी" म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे उज्जैनला गेले. पांघरूण काढायला पेटी उघडली, तर तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत ते टेबलक्लॉथ, आम्ही दिलं त्याच घडीत. मी काही बोलले नाही, पण घरी येऊन आजींजवळ रडले. आजी तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तिच्या घरी टेबल कुठंय, सूनबाई?"

खरंच नव्हतं. एक खोली, त्यात स्वयंपाक, त्यातच झोपणं, रांगतं मूल आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. मी दोन दिवस त्या खोलीत राहून आले होते. पण विणताना माझ्या डोळ्यांसमोर माझं कमळ होतं, आत्या नव्हती.

पुढच्या वर्षी तिला दुसरं बाळ व्हायचं होतं. आजींनी आपणहून ट्रंकेतलं जुनं लुगडं काढून माझ्यापुढे टाकलं. माहेश्वरी, नऊवारी. हल्ली माहेश्वरीत बहुधा रेशमी ताणा, म्हणजे उभे धागे, आणि सुती बाणा, म्हणजे आडवे, असतो, आजींचं ते लुगडं मात्र निव्वळ सुती होतं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातातून निसटायचं. काठावर चटईची नक्षी. महेश्वरच्या घाटावर तुला किल्ल्याच्या भिंतीवरचं कोरीवकाम दाखवलं होतं, आठवतं? लहर, चटई, वीट हे काठ त्या दगडातूनच साडीवर उतरले म्हणतात. माहेश्वरीच्या काठाला उलटसुलट नसतं, दोन्ही बाजू सारख्या. दुपट्याला यासारखं काही नाही, कारण दुपटं कुठल्याही अंगानं पांघरलं जातं.

ते कसं शिवायचं ते नीट सांगते, कारण तुला एक तरी दुपटं करायचंच आहे. नऊ वारांत चार पदरी दोन दुपटी निघतात. आधी कापड धुऊन कडक उन्हात वाळव. विरलेला भाग उजेडासमोर धरला की दिसतो, तो आतल्या पदरात घे आणि धड भाग बाहेर. चारही पदर जमिनीवर अंथर, तळव्यानं मधून कडेकडे सुरकुत्या सरकवत ने, आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी आधी सगळं बांधून घे. इथे घाई केलीस तर पुढे फुगे येतात आणि ते कशानं जात नाहीत. मग कडा आत दुमडून शीव. धावदोरा बाहेरच्या कडेनं सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घेत आत आत यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. गाठ वरच्या बाजूला ठेवू नकोस, दोन पदरांमध्ये लपव, बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. टिकल्या, मणी, गोंडे काही लावू नकोस. ती लहान मुलं सगळं तोंडात घालतात.

त्या दुपट्यात आत्याची दोन्ही मुलं वाढली. मी बारा वर्षांनी गेले तेव्हा तिनं त्याचं पायपुसणं केलेलं होतं, आणि मला पाहून ती कानकोंडी झाली. मला मात्र ते पायपुसणं पाहून इतका आनंद झाला की काय सांगू! आजींच्या लुगड्याचा चटईचा काठ दारात अजून ओळखू येत होता.

तेव्हा यादीतली चार नावं निवड. मी माझ्या मनानं सुचवते, पटलं तर बघ.

तुझी ती कॉलेजातली मैत्रीण, जिला मार्गशीर्षात बाळ व्हायचंय, तिला दुपटं.

आत्याला आता दिसायला कमी लागतं आणि गोळ्यांचा गोंधळ होतो. तिला औषधांची पिशवी शीव. सकाळचा खण पिवळा, दुपारचा लाल, रात्रीचा गर्द निळा. अक्षरं लिहू नकोस, ती वाचत नाही. निळ्या खणाला एक मोठं बटण लाव, म्हणजे दिवे गेले तरी बोटांना कळेल. मी इथून करू शकले असते, पण तुझ्या हातची तिला जास्त गोड लागेल.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या अम्मा, ज्यांनी तुला तापात आठ दिवस रसम-भात वर आणून दिला, त्यांच्यासाठी मला सुचत नाही. त्यांच्या घरात जाऊन बसतेस तू. काय तुटलंय, काय शिवायचं राहिलंय, पूजेला बसताना खाली काय घेतात, ते बघ.

चौथं नाव तुझं तू ठरव.

ऑफिसातल्या आठ जणांना उटणं दे. ते एका रविवारी होतं आणि नरकचतुर्दशीला सगळ्यांच्याच कामी येतं. आपल्या घरचं प्रमाण असं: मसूर डाळीचं पीठ अर्धा किलो, आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि कपूरकाचरी प्रत्येकी ५० ग्रॅम, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या मूठभर. मी इथल्या सियागंज बाजारातून सगळं कुटलेलं आणते, तुला बंगळुरूत काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. वस्त्रगाळ कर, नाहीतर वाळ्याचे तूस अंगाला खरखरतात. देताना एवढं सांग की आधी मनगटाला लावून बघा, एखाद्याच्या कातडीला सोसत नाही. उरलेल्यांना खुशाल मिठाईचा पुडा दे. त्यात कमीपणा काही नाही. फराळाचं मी बघते, तू त्यात पडू नकोस. कुरिअरनं चकल्यांचा चुरा होतो.

बाबांनीही कामट्या आणल्या आहेत. यंदा तीनच आकाशकंदील करणार म्हणतात: आपला, वरच्या काकांचा आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा. काकू गेल्यापासून काकांच्या गॅलरीत दोन दिवाळ्या अंधार होता. मागच्या वर्षी बाबा कंदील देऊन आले नाहीत, शिडी घेऊन गेले, तिथेच टांगला, वायर ओढली आणि दिवा लावून मगच खाली आले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. दिल्यावर "वापरता का?" असं कधीही विचारू नकोस. मी आत्याला त्या टेबलक्लॉथबद्दल तीनदा विचारलं होतं. बिचारी दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची.

लक्ष्मीपूजनाला दीड महिना आहे. उद्यापासून पितृपंधरवडा, म्हणजे नवीन कापड घ्यायला कुणी निघायचं नाही. पण आपलं सगळं जुनंच आहे, तेव्हा उद्याच सुरुवात केलीस तरी चालेल. रोज अर्धा तास, दिवसाउजेडी. रात्री ट्यूबलाइटखाली टाके घालू नकोस, डोळे शिणतात.

आजींचं जांभळं माहेश्वरी ट्रंकेत आहे. पंधराएक वर्षांत ते कुणी नेसलेलं नाही. घड्यांवर विरायला लागलंय, ठेवून आणखी विरेलच. शेजारचा मुलगा गुरुवारी बंगळुरूला परत निघतोय, त्याच्याबरोबर द्यायचं म्हणून मी आत्ता ते काढून मांडीवर घेऊन बसले आहे. कात्री मी लावत नाही, तूच लाव. फक्त पदराची बाजू मी इथे ठेवून घेते. तिथे आजींच्या हातचा एक रफू आहे, खिळ्याला अडकून फाटलं होतं तेव्हाचा. बोट फिरवलं तरच लागतो.

सुई आठ नंबरची घे. दोरा पांढरा नको, जांभळाच घे. मिळाला नाही तर बुधवारच्या आत कळव, साडीबरोबर रीळही ठेवते.

तुझी,
आई